हबसाणातून आणलेली माळ

चिमाजी बोराटे हा आमच्या मोशीतला पहिला बी. ए. आणि आपल्या मनानं दर्यापार गेलेलाही पहिलाच. लढाईच्या वेळी इकडच्या गावांतले पुष्कळ जण गेले होते, पण त्यांना सरकारनं नेलं. चिमामास्तरला कुणी नेलं नव्हतं. वर्तमानपत्रातली चार ओळींची जाहिरात वाचून तो गेला.

चिंचवडच्या एका शाळेत तो आठ वर्षं इंग्रजी शिकवत होता. रोज मोशीहून सायकल हाणत जायचा, धोतराच्या सोग्याला चेनचं काळं लागू नये म्हणून उजवा पाय जरा फाकवून. पोरं त्याला भ्यायची. त्याचं व्याकरण पक्कं होतं, अक्षर छापल्यासारखं होतं. पण मास्तरच्या मनात एक सल होता. इंद्रायणीच्या काठावर कोरडं उभं राहून पोरांना पोहायला शिकवावं, तसं आपलं इंग्रजी, असं त्याला वाटायचं. ज्याच्याशी बोलायला इंग्रजीखेरीज दुसरी सोयच नाही, असा माणूस त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्यात १९५५च्या उन्हाळ्यात जाहिरात आली की हबसाणातल्या, म्हणजे इथिओपियातल्या, सरकारी शाळांना इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत, करार तीन वर्षांचा. मास्तरनं घरात न विचारता अर्ज ठोकला.

होकार आला तेव्हा घरात गिल्ला झाला. चुलते दौलतराव म्हणाले, "आरं, पिंपरीला औषधाचा कारखाना निघालाय. तिथं कारकून हो की! सायकलवर जाशील, सांजच्याला घरला येशील. हबसाणात कोण हाय आपलं?"

"कोणी नाही, म्हणूनच जातोय, तात्या."

"ह्याला म्हनायचं शिक्षण!" दौलतराव उठून गेले.

चिमाजीची आई कौशल्याबाई माळकरी. बाप गेला त्या साली तिनं बारा वर्षांच्या चिमाजीच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून घरात मांस-मासळी बंद. आमच्याकडे माळ आपल्या हातानं घालत नाहीत, वडीलधाऱ्याच्या हातानं घालून घ्यावी लागते. आणि तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. निघायच्या आदल्या सकाळी कौशल्याबाईंनी माळेचे मणी पाटावर काढले, गोणपाट शिवायच्या जाड दोऱ्यात एकेक करून ओवले. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण सुनेला, यशोदेला, हात लावू दिला नाही. मग चिमाजीला पुढ्यात बसवून माळ त्याच्या गळ्यात घातली.

"जा. मी आडवीत न्हाई. पर ही घालून चाललाईस, तशीच घालून ये. मधी काढायची न्हाई. एवढंच."

"एवढंच ना?"

"व्हय, एवढंच. तुला सोपं वाटतंय त्ये."

मोशीत माळेचे दोन प्रकार होते. एक कौशल्याबाईंचा, दुसरा चिमाजीच्या चुलतभावाचा, भिमाजीचा. जत्रेला बोकड पडला की भिमाजी माळ काढून खुंटीला टांगायचा, पोटभर हाणायचा, दुसऱ्या दिवशी नदीत डुबकी मारून माळ परत गळ्यात. "देव काय खुंटीवर बघत न्हाई," म्हणायचा. गाव हसायचं. कौशल्याबाई हसायच्या नाहीत. भिमाजी जेवायला आला की त्याला आधी विचारायच्या, "आज कुटं हाय? गळ्यात का खुंटीला?"

जायच्या आधी मास्तर देहूरोडला रहिमानकडे गेला. रहिमान मेकॅनिक. लढाईत फौजेच्या वर्कशॉपबरोबर हबसाणापर्यंत जाऊन आलेला. आता डेपोच्या रस्त्याला त्याचं लॉऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. तो लॉरीखालीच होता. तिथूनच बोलला, नुसते पाय दिसत होते.

"थंडी लई, मास्तर. आपली इथली थंडी तिथं भर दुपारी. माणसं मात्र सोन्यासारखी. एक बात ध्यानात ठेवा. तिथं पाव्हण्याला आपल्या हातानं घास भरवतात."

"लग्नात भरवतात तसा?"

"रोज! म्हातारासुदीक म्हाताऱ्याला भरवतो. घास तोंडाशी आला की तोंड उघडायचं. परतवला तर खलास. पाव्हणा गेला, दुश्मन राहिला."

"आणि घासात मांस असलं तर?"

आता रहिमान लॉरीखालून बाहेर आला. हात पुसत त्यानं मास्तरच्या गळ्याकडे पाहिलं. "माझं सोपं होतं. मी म्हणलो, मुसलमान. ते ख्रिस्ताव. आमी त्यांचं कापलेलं खात न्हाई, ते आमचं खात न्हाईत, हे त्यांना ठाऊक. लगेच मसुरीची डाळ पुढं केली. तुम्ही कोण, हे त्यांना ठाऊक न्हाई. तवा आधी सांगा, मास्तर. घास उचलायच्या आधी सांगा." मग हसला. "न्हाईतर सांगून टाका, मुसलमान हाय म्हणून. मी काय कुणाला बोलत न्हाई."

दोघंही हसले. मास्तर ते हसणं लक्षात ठेवून गेला. सल्ला मात्र मुंबईच्या धक्क्यावरच विसरला.

बोटीनं एडन, तिथून जिबुती, मग तीन दिवस आगगाडी, मग दोन दिवस बस. एवढं करून तो ज्या गावात उतरला, ते थंड माळावरचं होतं. उंच निलगिरीची झाडं, मातीच्या गोल भिंतींची घरं, गाढवांवर लाकडं लादून चाललेल्या बाया. शाळेचे हेडमास्तर कुरियन, त्रावणकोरचे, तीन वर्षं तिथं मुरलेले. पण ते त्या आठवड्यात राजधानीला गेले होते. कारकुनाची इंग्रजीत चिठ्ठी तेवढी खोलीवर आली की उद्या शाळा दोन वाजता.

मास्तर दुसऱ्या दिवशी कोट चढवून बरोबर दोनला फाटकाशी हजर. फाटकाला कुलूप. पटांगणात एक गाय चरत होती. मास्तरनं कुलूप हलवून पाहिलं. पहिला दिवस, आणि आपलं काय चुकलं हेच कळेना. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. अंगावर पांढरी जाड चादर, डाव्या गालावर जुन्या जखमेचा वण. त्यानं हाक मारून एका मुलीला बोलावलं. ती सतरा-अठराची. समोर येऊन कमरेत वाकली आणि एकेक शब्द विटेवर वीट ठेवल्यासारखा ठेवत इंग्रजीत म्हणाली, "सर, शाळा दोन वाजता झाली. आता आठ वाजले."

तिथं दिवस उजाडला की घड्याळ नव्यानं मोजायला घेतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. पहिल्याच दिवशी मास्तरला वेळ सांगणं शिकवलं ते विद्यार्थिनीनं. तिचं नाव अल्माझ. म्हातारा तिचा बाप, देमिसी. इटलीवाल्यांशी लढलेला. आई त्सेहाय आतून कॉफी घेऊन आली. देमिसी मास्तरच्या गळ्याकडे टक लावून बघत होता. मग त्यानं आपली चादर बाजूला केली. त्याच्या गळ्यात काळी दोरी होती. बाप्तिस्म्याला बांधतात ती, मरेपर्यंत काढत नाहीत. त्यानं आपल्या दोरीला बोट लावलं, मग मास्तरच्या माळेला, आणि तोंडभर हसला. अल्माझनं सांगितलं, "वडील म्हणतात, तुमच्याही गळ्यात दोरी आहे. देवाचा माणूस आलाय."

मास्तरनं घरी लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे सगळं आहे. दुसऱ्या पत्रात वर्ग आहे. वर्गात चाळीस जण, त्यात मुली तीनच. काही पोरं मिसरूड फुटलेली, एक तर दोन लेकरांचा बाप. मास्तर आत आला की चाळीसही उठून वाकायचे. त्याला आपली चिंचवडची पोरं आठवायची आणि लाज वाटायची. पण पहिले आठ दिवस तो रोज घाबरून खोलीवर जायचा. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एकदम श्वास आत ओढायचा, हुंदका यावा तसा. आमच्याकडे पोरगं छडी खाताना जो श्वास ओढतं, तसा. मास्तरला वाटलं, पोरं आपल्याला घाबरून अर्धमेली झालीत. तो आवाज आणखी मऊ करायचा, आणि श्वास आणखी जोरात यायचे. शेवटी कुरियननं परत आल्यावर सांगितलं, "अहो बोराटे, ते 'हो' म्हणतायत. इथं 'हो' असंच म्हणतात."

यशोदेचं उत्तर महिन्यानं यायचं. ती चौथी शिकलेली. पत्रात पाऊसपाणी, म्हैस, दौलततात्यांचा खोकला, आणि खाली न चुकता, "आत्याबाई विचारतात, माळ आहे ना?"

"आहे," मास्तर लिहायचा. खरंच होती.

नोव्हेंबरअखेर देमिसीनं त्याला जेवायला बोलावलं. भल्यामोठ्या विणलेल्या टोपलीवर आंबट घावनासारखी पोळी अंथरलेली, तिच्यावर मसुरीची डाळ, पालेभाजी, आणि मधोमध हरभऱ्याच्या पिठाचं लालभडक कालवण. मास्तरच्या नाकात वास गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. पिठलंच होतं ते. देमिसीनं पोळीच्या तुकड्यात ते गुंडाळलं, सुपारीएवढा नाही, लिंबाएवढा घास केला आणि मास्तरच्या तोंडाशी नेला. आता कुठं मास्तरला रहिमान आठवला. त्यानं तोंड उघडलं. गाल फुगले, नाकातून पाणी आलं, सगळं घर हसलं. त्सेहायनं दुसरा भरवला. त्यांच्यात एका घासावर थांबत नाहीत.

मग दर आठ-दहा दिवसांनी बोलावणं. मास्तर बघत होता. घरात मांस नाही, मासळी नाही, दुधाचा थेंब नाही, तूप नाही. तो मनात म्हणाला, हे तर माळकऱ्याचं घर. गळ्यात दोरी, तोंडात डाळ. त्यानं विचारलं नाही. मास्तर असून विद्यार्थिनीला तिच्या घरच्या खाण्याचं काय विचारायचं, आणि आपल्या पथ्याचं तरी काय सांगायचं, याची त्याला लाज वाटली. ते लोक नाताळाआधीचा दीड महिन्याचा उपास पाळतायत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आपल्या देवाचा नियम जसा बारमाही, तसा त्यांचाही असणार, असं त्यानं धरलंच.

त्यांचा नाताळ सात जानेवारीला येतो. त्या सकाळी देमिसी स्वतः खोलीवर न्यायला आला. घरात जमिनीवर हिरवं गवत अंथरलं होतं. पाहुणे दहा-बारा. टोपली मधोमध आली आणि मास्तरनं पाहिलं, लाल रश्शात कोंबडीचे तुकडे, बाजूला बोकडाचं मटण. उपास सुटला होता. देमिसीनं सगळ्यांत आधी, सगळ्यांसमोर, पहिला घास केला, त्यातला सगळ्यांत चांगला तुकडा निवडून. आणि हात मास्तरच्या तोंडाशी आला.

मास्तर पुढं आम्हाला सांगायचा, "अरे, मला वाटलं होतं मी हात जोडीन, इंग्रजीत काहीतरी बोलेन. आठ वर्षं शिकवलेलं इंग्रजी कुठं गेलं ठाऊक नाही. मी ओठ घट्ट मिटले. तो हसून हात आणखी पुढं आणायला लागला. आणि मी त्याचा हात ढकलला. डाव्या हातानं."

घास गवतावर पडला.

देमिसी वाकला, गवतातला घास उचलला, बाजूच्या ताटलीत ठेवला. मग मास्तरच्या गळ्याकडे बोट करून तो एकच वाक्य बोलला. अल्माझ कोपऱ्यात उभी होती. तिनं त्याचं इंग्रजी केलं नाही. मास्तर मान खाली घालून बाहेर पडला.

सोमवारी अल्माझ वर्गात नव्हती. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. बाकीचे येत होते, उठून वाकत होते, पण "समजलं का?" म्हटलं तर तो आत ओढलेला श्वास येत नव्हता. ज्या आवाजाला तो भ्यायला होता, त्याच्यासाठी आता त्याचे कान झुरायला लागले.

कुरियननं त्याला खोलीत बोलावून दार लावलं. "म्हाताऱ्यानं मुलीचं नाव काढलंय. म्हणतो, त्याच्या हाताखाली माझी पोर बसणार नाही."

"मी माफी मागतो."

"तुम्हाला कळलं का, तो काय म्हणाला ते? तो म्हणाला, ह्याच्या गळ्यातली दोरी खोटी आहे. उपासाच्या दिवशी माझ्या हातचं खाल्लं आणि देवाच्या जन्माच्या दिवशी ढकललं. असं करणारा दोरीवाला असूच शकत नाही. दोरी दाखवून माझ्या घरात शिरला."

मास्तर खाली बसला. ज्या माळेसाठी घास ढकलला, तीच खोटी ठरली होती.

"बोराटे," कुरियन हळू आवाजात म्हणाले, "पोर वर्गात पहिली आहे. दोन वर्षांत ती शिक्षिका व्हायच्या शाळेत जाईल, नाहीतर ह्या पावसाळ्यापर्यंत तिचं लग्न लागेल. आणखी आठ दिवसांनी त्यांचा दुसरा मोठा सण येतोय. त्या दिवशी जा, बसा आणि एक घास खा. एकच. तुमच्या गावातलं कोण बघतंय इथं?"

आठ दिवस मास्तर त्या एका गोष्टीभोवती फिरत राहिला. आई समोर येई, तिनं मणी ओवताना डोळ्यांजवळ धरलेली सुई समोर येई. शाळेत आला की पहिल्या बाकावरची रिकामी जागा. माळ घालून घास खाल्ला तर माळ बाटणार. नाही खाल्ला तर पोरीचं शिक्षण जाणार, आणि माळ तर खोटी ठरलीच आहे. आणि मग, ज्याला सगळी मोशी हसायची तेच त्याच्या डोक्यात आलं. त्याला भिमाजी आठवला. माळेला बाट न लावता मांस खायची मोशीत एकच रीत होती, खुंटीची.

सणाच्या दिवशी सकाळी त्यानं अंघोळ केली, माळ डोक्यावरून काढली, रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. गळा एकदम हलका झाला. बावीस वर्षं ती तिथं होती.

देमिसी टोपलीपुढं बसलेला. या वेळी घरचीच माणसं होती. त्सेहाय दचकून उठली. मास्तर उंबऱ्यातच गुडघ्यावर बसला, हात जोडले, आणि तोंड उघडलं. तसंच उघडं ठेवून बसला, पाखराच्या पिलासारखा. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा थोडा सैलावला. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, मांसाचा घास वळायला घेतला. हात उचलला. आणि त्याची नजर मास्तरच्या गळ्यावर गेली.

हात हवेतच राहिला. मग सावकाश खाली आला. घास टोपलीच्या कडेला ठेवला गेला.

तो अल्माझला काहीतरी म्हणाला. ती पुढं आली. "वडील विचारतात, दोरी कुणी काढली?"

"मी."

"का?"

"त्यांच्या हातचा घास खायला. ती गळ्यात असताना मला मांस चालत नाही." मास्तरनं खिशातून रुमाल काढून उघडून दाखवला.

अल्माझ थबकली. "सर, चालत नाही म्हणजे मनाई आहे, की तुम्हाला आमचं नको आहे?"

"मनाई आहे. तुमचं असं नाही. कुणाचंच नाही. कधीच नाही."

"कुणाची मनाई?"

"देवाची. आणि माझ्या आईची."

तिनं सांगितलं. आता त्सेहाय बोलली. अल्माझ म्हणाली, "आई विचारते, तुम्ही काढली ते तुमच्या आईला कळेल का?"

"मी सांगितलं तरच."

देमिसी उठून उभा राहिला होता. तो जोरजोरात बोलत होता, रुमालाकडे बोट करून, आपल्या गळ्याला हात लावून. अल्माझ एकेक वाक्य उचलत होती. तिचा शब्द चुकत नव्हता. "वडील म्हणतात, इटलीच्या शिपायानं त्यांच्या गळ्याला संगीन लावली होती, तेव्हाही दोरी काढली नाही. म्हणतात, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर मी डाळ दिली असती. मी म्हातारा आहे, दुष्ट नाही." ती थांबली. पुढचं वाक्य तिला उचलवेना. "म्हणतात, जो माणूस एका घासासाठी दोरी काढतो, तो... तो माझ्या मुलीला काय शिकवणार?"

मास्तर एवढंच म्हणाला, "खरंय. त्यांना सांग, खरंय."

तिनं ते सांगितलं.

"वडील म्हणतात, घाला परत."

"मला घालता येत नाही. आपल्या हातानं घालायची नसते. वडील माणसानं घालायची असते. माझी आई समुद्रापलीकडे आहे."

हे अल्माझनं सांगितलं, आणि त्यापुढं आपलीच आणखी दोन वाक्यं बापाशी बोलली. ती काय बोलली ते मास्तरला फार दिवसांनी कळलं. ती म्हणाली होती, "त्यांनी ती माझ्यासाठी काढली. तेव्हा घालायची कुणी, ते तुम्ही ठरवा."

देमिसीनं त्सेहायला खूण केली. तिनं तांब्यातलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. त्यानं हात धुतले, मांसाचं तेलकट जाईना म्हणून माती लावून पुन्हा धुतले, चादरीला पुसले. रुमालातून माळ उचलली. मास्तरचं डोकं वाकवलं आणि माळ गळ्यात घातली, मणी कॉलरच्या बाहेर काढून नीट केले. मग तो आपल्या जागी जाऊन बसला. टोपलीच्या कडेचा तो घास तसाच पडून होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

सोमवारी अल्माझ पहिल्या बाकावर होती.

मास्तरनं करार पुरा केला. उपासाच्या दिवसांत त्सेहाय झाकण घालून पिठलं पाठवायची, अल्माझ आणून द्यायची. देमिसी रस्त्यात भेटला की वाकायचा, मास्तर त्याच्यापेक्षा खाली वाकायचा. पण त्याच्या हातचा घास मास्तरला पुन्हा मिळाला नाही. घासच काय, घरी बोलावणंही नाही. १९५८च्या जूनमध्ये अल्माझ शिक्षिका व्हायच्या शाळेत निवडली गेली, त्या दिवशी देमिसीनं खोलीवर कॉफी पाठवली, स्वतः आला नाही. आणि या सगळ्या काळात यशोदेच्या प्रत्येक पत्राखाली, "आत्याबाई विचारतात, माळ आहे ना?" मास्तर लिहायचा, "गळ्यात आहे." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लिहून झालं की तो पाकीट चिकटवायला वेळ लावायचा.

परतला तेव्हा कौशल्याबाईंना मोतीबिंदूनं जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी दारातच त्याचा गळा चाचपला. बोटांना मणी लागले. "हाय! हाय गं बया, हाय!" त्या ओरडल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्यागेल्याला तेच. "तीन वरसं हबसाणात ऱ्हायला. जाताना घालून गेला, तशीच घालून आला." भिमाजी भेटायला आला तर त्याला म्हणाल्या, "बघ जरा डोळं उघडून. तुला जत्रंतल्या बोकडापुढं निभत न्हाई."

भिमाजी ओशाळून हसला. "मास्तरची बात येगळी, काकू."

मास्तरला तिथं बसवेना. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी आई ओसरीवर शेंगा फोडत होती. मास्तर तिच्याजवळ बसला आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. घड्याळ, कॉफी, गळ्यातली काळी दोरी, गवतावर पडलेला घास, रिकामा बाक, रुमाल. आई शेंगा फोडत राहिली. माळ काढली, इथं तिचे हात थांबले.

"खाल्लंस?"

"नाही. त्यानं दिलंच नाही."

"दिलं असतं तर?"

"खाल्लं असतं."

हातातली शेंग फोडून तिनं विचारलं, "घातली कुणी म्हनालास?"

"देमिसीनं. हात धुऊन, आई. माती लावून धुतले."

"ती पोरगी शिकती का?"

"शिकतेय."

आईनं पदरातली टरफलं झटकली. यशोदा दाराआडून ऐकत होती. ती पुढं येऊन म्हणाली, "आत्याबाई, आळंदीला जाऊन बुवांकडनं नवी घालून आणू या का ह्यांना?"

"नको," मास्तर म्हणाला.

आईनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. "न्हाई म्हनतोय त्यो. बराबर म्हनतोय." मग म्हणाली, "मी घातलेली व्हती ती तू हबसाणात काढलीस. ती ग्येली. ही त्या म्हाताऱ्याची. आता त्येची तरी काढू नगं."

ती चिडली नव्हती. रडलीही नाही. भाकरी थापली की पहिल्यासारखीच त्याला गरम वाढायची. पण रोज सकाळी त्याचा गळा चाचपायची तिची सवय त्या दिवसापासून सुटली, आणि भिमाजीला "गळ्यात का खुंटीला" असं विचारणंही.

मास्तर आता पुन्हा चिंचवडला सायकलवर जातो. उजवा पाय तसाच फाकवून. आईनं ओवलेला गोणपाटाचा दोरा मानेमागं झिजत चाललाय, एका जागी तर दोनच पदर उरलेत. यशोदेनं दोनदा म्हटलं, आणा, बदलून देते. तो देत नाही. तुटला तर ओवून कुणाच्या हातानं घालून घ्यायची, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.